खाणीत उतरलेला फ्यूज

आमच्या घरात गाडी आली ती पप्पा रिटायर झाले त्या वर्षी, आणि चालवायला शिकली ती आई. पप्पांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात गेली. क्वार्टरच्या कोपऱ्यावरून कारखान्याची बस पकडायची आणि त्याच कोपऱ्यावर संध्याकाळी उतरायचं, त्यामुळे त्यांच्यावर स्टिअरिंग धरायची वेळच कधी आली नाही. शिवाय जिच्या पोटात पेट्रोलही आहे आणि ठिणगीही आहे अशी वस्तू आपण होऊन चालवायची, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखं नव्हतं. कारखान्यात शिरताना काडीपेटी गेटवर जमा करायची, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा ते पाणी द्यायच्या आधी विचारत, खिशात काडीपेटी तर नाही ना.

गाडी जुनी होती, पांढरी, बदली झालेल्या एका साहेबांकडून घेतलेली. ती दारात लागली तेव्हा पप्पांनी सगळ्यात आधी सिगारेट पेटवायच्या लायटरचं बोंड उपसून काढलं आणि त्या भोकावर काळी टेप चिकटवली. मग शांतपणे डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती बसवली. मी म्हटलं, आपल्या घरात सिगारेट ओढतंय कोण? ते म्हणाले, उद्या कोणी ओढलीच तर.

आई पन्नाशी ओलांडलेली, कॉलनीतल्या बालवाडीची बाई. कारखान्याच्या वसाहतीतले रस्ते रुंद आणि दुपारचे सामसूम, त्यांच्यावर ती शिकली. शिकवणाऱ्यानं तिला एक सवय लावली होती. किल्ली एक खटका फिरवायची आणि थांबायचं. मागच्या सीटखाली टाकीतला पंप जरासा घूं करतो, तो गप्प झाला की मग सेल्फ मारायचा. आई त्या आवाजाला गुणगुण म्हणायची. बालवाडीतल्या लेकरांचं तिनं कधी ऐकलं नसेल इतक्या मन लावून ती ते ऐकायची. मला त्या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी नागपूरला नोकरीला लागले होते आणि जगात सगळं माझ्यापेक्षा हळू चालतं याचा मला कायम राग असायचा.

त्या दिवाळीला आईनं जाहीर केलं की बपेऱ्याच्या मंडईला ती स्वतः गाडी चालवत जाणार. बपेरा तिचं माहेर, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस असतो, त्या दिवशी घराघरांत पाहुणे, दुपारी बाजार आणि रात्री नाटक. सासरी गेलेल्या लेकी दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण मंडईला येतात.

आईला दरवर्षी मंडईला आणायचे ते आजोबा, म्हणजे तिचे वडील. एसटी फाट्यावर थांबायची आणि तिथं आजोबा रेंगी जुंपून उभे असायचे. रेंगी म्हणजे माणसं बसवायची हलकी, छोटी बैलगाडी. मी आईच्या मांडीवर बसून तिच्यातून गेलेली आहे. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "काय आणलं जी?" आणि आजोबा बैलांची शेपटी चिमटीत धरून, मान ताठ करून सांगायचे, "पोरीले आणलं मंडईले." दर माणसाला तेच, आणि दर वेळी जणू पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात.

आता बैल गेले होते, रेंगी गोठ्यात टेकून ठेवली होती आणि आजोबांच्या डोळ्यांनी साथ सोडत आणली होती. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखावा लागे. आईनं गाडी शिकल्याचं ऐकलं तेव्हा ते फोनवर इतकंच म्हणाले, "मंग या साली तू ने मले मंडईत." आईनं ते वाक्य आम्हाला दिवाळीभर इतक्या वेळा ऐकवलं की पणत्यांनाही पाठ झालं असेल.

मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो आणि मुक्कामाला चिखल्याला थांबलो. तिथल्या मॅंगनीजच्या भूमिगत खाणीत धाकटे मामा इलेक्ट्रिशियन आहेत आणि खाणीच्या कॉलनीत राहतात. बहीण गाडी चालवत आली या आनंदात मामांना काय करू आणि काय नको असं झालं. गाडीत टेप होता, पण मागे स्पीकर नव्हते. मंडईत शिरायचं तर वाजतगाजत, असं म्हणून त्यांनी कुठून तरी स्पीकरची जोडी आणली आणि संध्याकाळी मागची सीट उचलून वायरी टाकायला बसले. काम होत आलं तोवर मामींनी जेवायला हाक मारली. उरलेलं सकाळी करतो, म्हणून मामा उठले. सकाळी त्यांची पहिली पाळी होती हे त्यांच्या लक्षात आलं ते थेट सकाळीच. आम्ही उठायच्या आत ते खाणीत उतरले होते.

आई नवं लुगडं नेसून गाडीत बसली. हिरवं, जरीच्या काठाचं. लुगडं नेसून गाडी चालवायचा सराव तिनं महिनाभर केला होता. पप्पा मागे, मामी मागे, मी पुढे. तिनं किल्ली एक खटका फिरवली आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मार की आता. तिनं सेल्फ मारला. गाडी घरघरली, पण उचलली नाही. परत मारला, परत तेच.

पुढे जे झालं ते कॉलनीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. जय भीम, काय झालं, करत शेजारपाजारचे जमले. रात्रपाळी करून आलेले, दाढी करता करता फेस घेऊन आलेले, तंबाखू मळत आलेले. पहिला म्हणाला, पेट्रोल संपलं. काटा अर्ध्यावर होता. दुसरा म्हणाला, बॅटरी उतरली. दिवे तर लख्ख लागत होते आणि सेल्फ दणकून फिरत होता. तिसऱ्यानं बाह्या सरसावल्या आणि गाडीला धक्का मारायला सुरुवात केली. मग सगळेच लागले. आई स्टिअरिंगवर, पप्पा काचेतून काडीपेट्या दूर ठेवा म्हणून ओरडताहेत, आणि आमची गाडी कॉलनीच्या उतारावरून खाली गेली ती तशीच मुकी. मग तिला ढकलत परत वर आणली, कारण खाली ठेवून उपयोग नव्हता.

आई मात्र पहिल्यापासून एकच सांगत होती की आज गुणगुण झाली नाही. कुणी ऐकत नव्हतं, मीसुद्धा नाही. शेवटी खाणीच्या बसवरचा ड्रायव्हर आला. त्यानं सगळ्यांना गप्प केलं, मागच्या सीटला कान लावला आणि आईला किल्ली फिरवायला लावली.

"ताई बराबर सांगून राहिल्या," तो म्हणाला. "पंप चालूच नाही होऊन राहिला. तेल पुढं जाईल कसं?"

पंप गेला म्हणजे टाकी उघडायची, म्हणजे तुमसरचा मेकॅनिक, आणि तुमसरचा मेकॅनिक स्वतःच आपल्या सासरच्या मंडईला गेलेला. फोनवर त्याच्या मागे ढोलकी ऐकू येत होती. पप्पांनी बपेऱ्याला थोरल्या मामांना कळवलं. थोरले मामा खूश झाले. ट्रॅक्टर पाठवतो म्हणाले, मोठा दोर देतो, गाडी ओढून आणू, काळजीच नको.

आई गाडीतून उतरली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"दोरानं वढत आणलेल्या गाडीत मी माह्या गावात नाही शिरत," ती म्हणाली. "बाबा फाट्यावर बसले असतीन सकाळपासून. त्यायले काय सांगू? पोरगी आली, पण ट्रॅक्टरच्या मागं बांधून आली?"

तंबाखू मळणाऱ्याचाही हात थांबला. मला एकदम रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, तशी माझी जुनीच खोड आहे. ट्रॅक्टर निघाला होता. तो पोचायच्या आत काही तरी करायला हवं होतं आणि करता येण्यासारखं माझ्या डोक्यात एकच होतं. पंपापर्यंत वीज कुठून तरी जात असणार, ती वाट तरी बघून घेऊ.

स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला फ्यूजचा डबा असतो. मी खाली गुडघ्यांवर बसून त्याचं झाकण उघडलं. आत रंगीबेरंगी, दोन पायांचे छोटे फ्यूज ओळीनं बसलेले. पप्पांना आता हुरूप आला. त्यांनी आधी किल्ली काढून घेतली, बोनेट उघडून बॅटरीची वायर सोडवली, मग मला सांगितलं, आता लाव हात. मामींनी भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. मी एकेक फ्यूज उपसून उजेडात धरला. आतली तार तुटलेली असली की फ्यूज गेला, एवढं मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या तारा शाबूत होत्या. काही घरं रिकामी होती, पण अशी रिकामी घरं असतातच, म्हणून मी डबा लावायला घेतला.

झाकण उलटं करून लावताना त्याच्या आतल्या बाजूचा नकाशा दिसला. कोणतं घर कशाचं ते छोट्या चित्रांनी दाखवलेलं. एका घरावर पेट्रोल पंपाचं चित्र होतं. ते घर डब्यात शोधलं तर तिथं जळका फ्यूज नव्हता आणि चांगलाही नव्हता. तिथं फ्यूजच नव्हता.

"चोरला कोनं तरी," तंबाखूवाल्यानं निकाल दिला. गाडी सोडून, टेप सोडून, नखाएवढा फ्यूज नेणारा चोर कसला असेल यावर चर्चा सुरू झाली. आणि मामी मटकन ओट्यावर बसल्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला.

"यायच्याच खिशात आहे तो," त्या म्हणाल्या. "अन् हे हायेत खाणीत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. खाणीत वायरीचं काम करायचं तर आधी त्या लाइनचा फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. काम पुरं होईपर्यंत तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, म्हणजे वरून कुणी चुकून बटण दाबलं तरी आतला माणूस जिवानिशी जाणार नाही. मामांच्या अंगात हा नियम असा भिनलेला की घरचा कूलर खोलला तरी ते तेच करत. एकदा कूलरचं काम अर्धं टाकून ते ड्युटीवर गेले, तेव्हा सगळं घर ऐन मे महिन्यात पाळी संपेपर्यंत बिनलाइटचं बसलं होतं. काल त्यांनी मागची सीट उचलली, खाली पंपाचं झाकण आणि टाकीच्या वायरी दिसल्या, तेव्हा आधी पंपाचा फ्यूज खिशात गेला असणार. आणि काम पुरं झालंच नव्हतं, कारण मामींनी जेवायला हाक मारली होती. त्यांच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं.

आमचा पंप चांगला होता, गाडी चांगली होती, आणि तिचा जीव मामांच्या खिशात बसून जमिनीच्या पोटात गेला होता. खाणीत उतरलेल्या माणसाला फ्यूजसाठी कोणी वर बोलवत नाही. मी मामांना उद्देशून जे बोलले ते मामींसमोर बोलायला नको होतं, पण मामींनीच त्यात भर घातली.

आता उपायांचा पाऊस पडला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खोचा. वायरीचा एक तुकडा घाला. हेअरपिन वाकवून बसवा, आमच्या स्कूटरवर वर्षभर चालली. हे ऐकताना पप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते गाडी आणि गर्दी यांच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "पेट्रोलच्या टाकीले चांदी? माह्या डोळ्यांदेखत?" त्यांचं म्हणणं साधं होतं. जेवढ्या जोराचा फ्यूज होता तेवढ्याच जोराचा पाहिजे, नाही तर आपण सगळे मंडईला चालत जाऊ. आजवर त्यांच्या या कर्मठपणाचा मला फार वैताग यायचा. त्या सकाळी मात्र मला ते फार आवडले.

मी नकाशा परत बघितला. पंपाच्या घरावर पंधरा लिहिलेलं होतं. डब्यात पंधराचे निळे फ्यूज थोडेच होते. एक हॉर्नचा, पण मंडईच्या गर्दीत बिनहॉर्नची गाडी कशी नेणार? एक वायपरचा, तो निघाला असता, पण पप्पांनी माझ्या हातातून झाकण घेतलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं. धूर निघणारी सिगारेट होती ती.

"हा काढ," ते म्हणाले. आयुष्यभराचा हिशेब मिटल्यासारखे ते हसत होते.

लायटर आणि टेप एकाच फ्यूजवर चालत होते, म्हणजे मामांचे स्पीकर मुके राहणार होते. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, गाणी नकोत, गाडी पाहिजे. मी चिमट्यानं लायटरचा निळा फ्यूज उपसला, तार बघितली आणि पंपाच्या घरात बसवून अंगठ्यानं दाबला. पप्पांनी बॅटरीची वायर घट्ट केली. आई लुगडं सावरून बसली. तिनं किल्ली एक खटका फिरवली.

अख्खी कॉलनी कान टवकारून उभी होती. मागच्या सीटखालून आवाज आला, घूंऽऽ, आणि थांबला.

आईनं डोळे मिटले. मग सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात उचलली आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की रात्रपाळीवाले झोपलेले असतील ते उठले असतील. बसच्या ड्रायव्हरनं आईला सलाम ठोकला. मी इतकी खूश झाले होते की तंबाखूवाल्या काकांना मिठी मारता मारता राहिले.

वाटेवर दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पसरलेल्या होत्या. अर्ध्या रस्त्यात समोरून आमचा ट्रॅक्टर आला, बोनेटवर दोराचं वेटोळं घेऊन. आईनं त्याच्यासाठी वेग कमी केला नाही. तिनं हॉर्न वाजवला आणि निघून गेली. बिचारा ट्रॅक्टर वळून आमच्या मागे यायला लागला, आणि फाट्यावर आम्ही पोचलो ते असे, पुढे आई आणि मागे ट्रॅक्टर.

आजोबा पुलाच्या कठड्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा. गाडी जवळ आली तरी ते उठले नाहीत, कारण गाड्या सकाळपासून येतच होत्या. आई काच खाली करून म्हणाली, "बाबा." तेव्हा ते उठले. त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला, मग दारावरून, मग बोनेटवरून, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. बोनेट गरम लागलं तेव्हा समाधानानं म्हणाले, "चालून आली वाटते." आई म्हणाली, "हो बाबा." आम्ही दोराचं नावही काढलं नाही.

आजोबांनी बजावलं होतं की मंडई भरल्याशिवाय मंडईत जायचं नाही. मग आजोबांच्या घरी जेवणं झाली, आणि उन्हं कलताना दारात फटफटी थांबली. धाकटे मामा पाळी संपवून, अंगावर पाणी घेऊन थेट आले होते. हातात तो फ्यूज. चेहरा मात्र ओशाळलेला नव्हता, चांगलाच रागावलेला होता.

"फ्यूज माह्याजवळ अन् गाडी इथं?" ते म्हणाले. "कोनं सुरू केली? काम पुरं झालं होतं काय?"

सकाळपासून त्यांच्यासाठी जे काही साठवून ठेवलं होतं ते सगळं मी विसरून गेले. पप्पा उठले आणि त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. नियम पाळणारा माणूस त्यांना या घरात पहिल्यांदाच भेटला होता. दोघांनी मिळून सीट उचलली, राहिलेल्या वायरींना टेप मारली, एकमेकांकडून खात्री करून घेतली आणि खाणीतून आलेला फ्यूज लायटरच्या रिकाम्या घरात बसवला. स्पीकर दणदणून वाजले.

आजोबा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि ते बंद करायला लावलं. आईनं किल्ली एक खटका फिरवली, मागून घूं आलं, आणि आजोबांनी मान वळवली.

"हे काय होय?"

"गुणगुण आहे बाबा. थे झाल्यावर निघाचं असते."

"हो," आजोबा म्हणाले. "बैल जुपल्या जुपल्या हाकू नाही."

मंडईत माणसांचा पूर लोटला होता. फुगेवाले, जिलेबीच्या कढया, शिंगाड्यांचे ढीग, नाटकाच्या मांडवाचे खांब. आई मुंगीच्या पावलांनी गाडी नेत होती आणि आजोबा दोन्ही पाय खाली रोवून, नसलेले ब्रेक दाबत होते. काच खाली होती. एका म्हाताऱ्यानं वाकून आत बघितलं आणि आजोबांना ओळखून विचारलं, "काय जी, कायले आला?"

आजोबांनी मान ताठ केली.

"पोरीनं आणलं मले मंडईले."

दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच, दर वेळी जणू पहिल्यांदाच. जिलेबीच्या दुकानापाशी आईनं गाडी थांबवली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, समोरचं दिसत नाही. आजोबांना वाटलं काचेवर धूळ बसली आहे. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पुढे झुकले आणि आईच्या समोरची काच आतून नीट पुसून दिली.